हलक्या वजनाचा मल्ल

द्वंद्वाच्या खेळात लोकांच्या ध्यानात राहतात ते अवजड गडी. पाश्चात्य देशांत मुष्टियुद्धाचे वजनावार गट विसाव्या शतकाच्या आरंभीच ठरून गेले होते. परंतु त्यांतील सर्वांत वरच्या, म्हणजे हेवीवेट गटाच्या विजेत्याचे नाव शाळकरी पोरांच्या तोंडी असे, आणि खालच्या गटांतील विजेत्यांची नावे जाणकारांच्या टिपणवहीत राहत. जॅक जॉन्सन, जॅक डेम्प्सी, जो लुई ही नावे समुद्र ओलांडून आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतही पोहोचली. १८ जून १९४१ रोजी न्यू यॉर्क येथे जो लुई व बिली कॉन यांची जी लढत झाली, ती या बाबतीत मोठी बोलकी आहे. कॉन हा लाइट-हेवीवेट गटाचा विजेता. आपले ते पद सोडून तो लुईच्या अंगावर चालून आला. वजनात तो लुईपेक्षा सुमारे २५ पौंडांनी उणा होता. पंधरा फेऱ्यांपैकी बारा संपल्या तेव्हा गुणांत तो पुढे होता. राहिलेल्या तीन फेऱ्या नुसत्या अंग राखून काढल्या असत्या तरी जगज्जेतेपद त्याच्या पदरी पडले असते. पण लुईला ठोकून पाडण्याचा मोह त्यास आवरला नाही, आणि तेरावी फेरी संपण्यास दोन सेकंद उरले असताना तोच जमिनीवर मोजला गेला. चपळता आणि डोके यांच्या बळावर हलका मनुष्य किती दूर जातो, आणि अखेर वजन आपला हक्क कोठे वसूल करते, हे त्या रात्री हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

आपल्या लाल मातीतल्या कुस्तीस हा प्रश्न पडलाच नव्हता. तिच्यात तराजूच नव्हता. जत्रेच्या फडात वस्ताद मंडळी दोन पोरांचे दंड चाचपीत, छाती-मांडीचा अंदाज घेत, आणि जोड लावून मोकळी होत. नजर हेच माप. रेवड्यांच्या व नारळावरच्या कुस्त्या आधी उरकत. चढत्या इनामाच्या कुस्त्या मागाहून लागत. आणि दिवस मावळता मावळता हलगीचा ठेका चढला की जी अखेरची कुस्ती सुटे, ती बहुधा दोन पर्वतप्राय मल्लांची. लोक कोसांवरून चालत येत ते तिच्यासाठी. अशा फडात लहान चणीच्या पैलवानाला वाखाणणी मिळे, शेला-पागोटे मिळे, क्वचित एखाद्या धिप्पाड गड्याला त्याने आस्मान दाखविले तर त्याला खांद्यावर घेऊन मिरवीतही. पण नाव व्हायचे, आणि नावाबरोबर खुराकाची सोय व्हायची, ती थोराड देहाचीच. खुराक ही सामान्य गोष्ट नव्हे. दूध, तूप, बदाम यांचा रोजचा खर्च शेतकऱ्याच्या घराला पेलण्याजोगा नसतो. त्याला राजाच हवा.

असा राजा कोल्हापुरास लाभला. राजर्षी शाहू छत्रपती स्वतः देहाने व वृत्तीने मल्ल होते. १९०२ साली ते विलायतेस गेले असता रोममधील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले आणि तसेच काही आपल्या राजधानीत असावे असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. खासबागेचे काम १९०७ साली सुरू झाले व १९१२ साली पुरे झाले. मध्ये खोलगट हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतील मनुष्यासही मल्लाच्या पायाची हालचाल दिसावी, अशी ती रचना आहे. तिच्या आरंभाची मोठी कुस्ती झाली ती इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष हा प्रख्यात गामाचा धाकटा भाऊ. आणि गामाने त्यापूर्वी दोनच वर्षे, १० सप्टेंबर १९१० रोजी, लंडनमध्ये पोलंडच्या झ्बिस्को या अवाढव्य मल्लास अडीच तासांहून अधिक वेळ खाली दाबून धरले होते. ती कुस्ती निकाली झाली नाही. आणि फेरकुस्तीच्या दिवशी झ्बिस्को मैदानात उतरलाच नाही. कोल्हापूरच्या तालमींतून जी पिढी पुढे वाढली, तिच्या कानांवर बालपणापासून पडत होत्या त्या या अशा कथा. मोठ्या माणसांच्या, मोठ्या वजनाच्या.

याच मुलखाच्या उत्तरेस, कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाडाजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे पंचक्रोशीत नाव असलेले पैलवान. पाच मुलांतील खाशाबा हे धाकटे. पाचव्या वर्षी पोराच्या अंगाला आखाड्याची माती लागली. आठव्या वर्षी त्याने आसपासच्या गावांत गाजलेल्या एका गड्यास दोन मिनिटांत चीत केले, अशी आठवण त्या भागात सांगतात. या आठवणींत भर पडत जाते हे खरे. पण ज्या घरी बाप हाच वस्ताद असतो, त्या घरातील मुलगा आठव्या वर्षी डाव जाणतो यात अतिशयोक्ती मानण्याचे कारण नाही. पुढे १९४० ते १९४७ या काळात कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. ती वर्षे सातारा जिल्ह्यात साधी नव्हती. १९४२ च्या चळवळीने गावोगाव भूमिगतांचा वावर होता. त्यांना आसरा देण्याच्या व त्यांचे निरोप पोहोचविण्याच्या कामी खाशाबांचाही हात लागला होता.

अंगलट मात्र बेताचीच राहिली. उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर. वजन पन्नास-पंचावन्न किलोंच्या घरात. पुढे इंग्रजी पत्रांनी त्यांस ‘पॉकेट डायनॅमो’ हे नाव दिले, ते या चणीवरून. आखाड्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा ‘अखेरच्या कुस्ती’चा गडी नव्हता, आणि कधी होण्याजोगाही नव्हता.

मॅट्रिकनंतर ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजात आले. येथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची मेहनत चालली. कॉलेजच्या वार्षिक क्रीडामहोत्सवातला एक प्रसंग येथे नमूद करण्याजोगा आहे. कुस्तीच्या सामन्यांसाठी नाव देण्यास खाशाबा गेले असता क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या देहाकडे पाहून त्यांस परत लावले. शिक्षकांचा हेतू वाईट होता असे नव्हे. थोराड पोरांच्या हातून या पोराचे हाड मोडेल ही भीती त्यांस वाटली असणार. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली. आणि मग एकामागून एक असे आपल्याहून भरदार गडी त्यांनी पाठीवर घातले. खाशाबांचा पहिला प्रतिस्पर्धी कोण, असे मला कोणी विचारले तर मी कोणा मल्लाचे नाव सांगणार नाही. तो प्रतिस्पर्धी म्हणजे देह पाहून माणूस तोलण्याची ही सवय. तिच्याशी त्यांची कुस्ती जन्मभर चालली, आणि ती काही निकाली झाली नाही.

त्यांच्या डावांत ‘ढाक’ विशेष नावाजलेला होता. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत जखडावयाची, आपली कंबर त्याच्या कमरेखाली घालावयाची, आणि एका झटक्यात त्याला डोक्यावरून फिरवून खाली आणावयाचे, असा हा डाव आहे. यात पाडणाऱ्याच्या बळाइतकाच पडणाऱ्याचा भार कामी येतो. समोरचा जितका अवजड आणि जितका पुढे रेटणारा, तितका तो वेगाने जातो. फक्त क्षण साधला पाहिजे. क्षण चुकला तर ढाक मारणारा स्वतःच त्या ओझ्याखाली सापडतो. हलक्या मल्लाला भावणारा आणि हलक्या मल्लाचीच सर्वांत कठोर परीक्षा पाहणारा असा हा डाव. तो खाशाबांनी आपला केला हे त्यांच्या स्वभावाशी जुळते.

कॉलेजच्या फडापासून अखिल भारतीय मैदानापर्यंतची त्यांची मजल त्वरित झाली. लखनौच्या मैदानात त्यांची गाठ बंगालच्या निरंजन दास यांच्याशी पडली. दास हे फ्लायवेट गटाचे राष्ट्रीय विजेते. त्यांस नमविल्यावर कोल्हापूरच्या या विद्यार्थ्याकडे डोळेझाक करणे निवड करणारांस अवघड झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली आणि त्यांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. शाहू छत्रपतींनी घातलेला पायंडा त्यांच्या गादीने असा अखेरपर्यंत चालविला.

लंडनमध्ये खाशाबांस तीन गोष्टी एकदम नव्या भेटल्या. पहिली गादी. ताक, तेल, हळद, कापूर घालून मळलेल्या लाल मातीत पाय थोडा रुततो आणि त्या रुतण्यातूनच जोर उभा राहतो. गादीवर तो आधार नाही, पाय घसरतो किंवा उसळतो. दुसरी गोष्ट पकडीची. मातीत लांग-जांग्याला हात घालून गडी उचलता येतो; गादीवरच्या कुस्तीत कपड्यास हात लावणे निषिद्ध. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, घड्याळ आणि पंचांचे गुण. आपल्याकडे कुस्ती चितपट झाली तर झाली, नाहीतर सोडविली. ‘थोडा अधिक जिंकला’ असा प्रकार आखाड्यास ठाऊक नव्हता. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने तेथे त्यांस नव्या पद्धतीचे शिक्षण दिले. पण काही आठवड्यांत मनुष्य नवी भाषा बोलू शकतो, तिच्यात भांडू शकत नाही.

तरीही ते भांडले. ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच हरविले, आणि प्रेक्षक थक्क झाले. अमेरिकेच्या बिली जर्निगनवरही त्यांनी विजय मिळविला. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचे काही चालले नाही. इराण ही कुस्तीची फार जुनी भूमी. तेथील मल्ल आपल्यासारख्याच आखाडी परंपरेतून आलेले, परंतु नवी रीत त्यांनी आपल्या आधी आत्मसात केली होती. खाशाबांचा क्रमांक सहावा लागला.  इकडच्या वर्तमानपत्रांत मात्र त्या ऑगस्टात जागा होती ती हॉकीच्या सुवर्णपदकास, आणि स्वतंत्र देशाचे ते पहिले सुवर्ण म्हणून ते योग्यही होते. सहाव्या क्रमांकाचा अर्थ ज्यास पुरता कळला तो मनुष्य एकच, आणि तो मुंबईस उतरताच पुढच्या चार वर्षांच्या तयारीस लागला. त्याने वजनाचा गट बदलला, ५७ किलोंच्या बँटमवेटमध्ये गेला, आणि गादीचे नियम डावांइतकेच घोकले.

या चार वर्षांत देशात जे घडले त्याचा या हकीकतीशी निकटचा संबंध आहे, आणि खाशाबांवर लिहिणारांचे त्याकडे दुर्लक्ष झाले आहे. हा मजकूर मी आगरदांड्यास बसून लिहीत आहे. येथून राजपुरीच्या खाडीपलीकडे दिघी दिसते. हा सारा मुलूख पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दीचा. ते संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. आमच्या या किनाऱ्यावर नबाबीच्या जाण्याचे दुःख फारसे कोणी केले नाही. प्रजेस हक्क मिळाले, तेच बरोबर झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरचेही तसेच झाले, आणि तेही बरोबरच झाले. परंतु संस्थानाबरोबर त्याचा जामदारखाना गेला, आणि जामदारखान्याबरोबर तालमीचा खुराक, मल्लांची तनखे, जत्रेचे इनाम आणि विलायतेच्या प्रवासाचा खर्च हेही गेले. राजाची जागा नव्या लोकसरकारने घेतली होती. पण पैलवानांच्या संगोपनाचे खाते अद्याप कोणत्याच कचेरीत उघडलेले नव्हते. राजाच्या मर्जीवर जगणारी कला मर्जी नाहीशी होताच कशी उघडी पडते, हे पाहावयाचे असेल तर १९४८ चा खाशाबांचा प्रवास आणि १९५२ चा प्रवास ही दोन शेजारी ठेवून पाहावीत.

१९५२ ची गोष्ट निवडीपासूनच बिनसली. हेलसिंकीसाठी मल्ल निवडावयाचे होते. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी आपणास मुद्दाम एक गुण कमी दिला आणि त्या एका गुणाने आपले नाव यादीतून गळाले, असे खाशाबांचे म्हणणे होते. येथे पुनः तोच नव्या रीतीचा प्रश्न येतो. आखाड्यात पाठ मातीला लागली की नाही हे हजार माणसे पाहतात. त्यात कोणास लबाडी करता येत नाही. गुण मात्र पंचाच्या पेन्सिलीत असतो. ज्या तराजूने हलक्या मल्लास प्रथमच बरोबरीचा न्याय दिला, त्याच पद्धतीच्या पोटात हा दुसरा धोका होता.

खाशाबा रडत बसले नाहीत, आणि वर्तमानपत्रांतून आरडाओरडही त्यांनी केली नाही. त्यांनी पतियाळाचे महाराज यादवींद्रसिंह यांच्याकडे दाद मागितली. महाराज १९३८ पासून भारतीय ऑलिंपिक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांचेही राज्य १९४८ सालीच मोठ्या संघात विलीन झाले होते. पण खेळाच्या या एका गादीवर त्यांचा शब्द अजून चाले. त्यांनी म्हणणे ऐकून घेतले आणि निवडीच्या कुस्तीत खाशाबांस उतरण्याची सोय करून दिली. मग गुणांचा प्रश्नच राहू दिला नाही. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास सरळ पाठीवर घातले. गादीवरच्या वादाचा निकाल त्यांनी मातीच्या रीतीने लावला, असे म्हणावयास हरकत नाही. संस्थाने खालसा झाल्यावरही एका माजी संस्थानिकाचा उपयोग व्हावा, आणि तो लोकशाहीतील एका शेतकऱ्याच्या मुलास न्याय देण्यासाठी व्हावा, यात काळाची काही गंमत आहे.

निवड झाली, पैसे नव्हते. सरकारी मदतीसाठी केलेल्या खटपटीतून गरज भागेना. कऱ्हाड-गोळेश्वरच्या लोकांनी दारोदार फिरून वर्गणी जमविली. दुकानदारांनी दिली, शेतकऱ्यांनी दिली. तरी बेरीज पुरी होईना. तेव्हा ज्या प्राचार्य खर्डेकरांनी या विद्यार्थ्यास एकदा क्रीडाशिक्षकाच्या नकाराविरुद्ध मैदानात उतरविले होते, त्यांनीच आपले राहते घर कोल्हापूरच्या मराठा बँकेकडे गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ही रक्कम आज लहान वाटेल. त्या वेळी ती शिक्षकी पेशातील माणसाच्या संसाराचा पाया होती. छत्रपतींच्या जामदारखान्याची जागा एका प्राध्यापकाच्या घराने घेतली, हा १९४८ आणि १९५२ यांतील फरक.

हेलसिंकीस त्यांच्याबरोबर कोल्हापूरच्याच तालमीतील केशव माणगावे होते. फेदरवेट गटात त्यांचा क्रमांक चौथा आला. पदक एका पायरीने हुकले, आणि पायरीभर हुकलेल्यांचे नाव ठेवण्याची आपल्याकडे चाल नाही, म्हणून ते येथे मुद्दाम लिहितो.

खाशाबांची पहिली लढत कॅनडाच्या आद्रिएन पोलिकँशी झाली. त्यास त्यांनी चीत केले. मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो त्याहून लवकर, पाच-साडेपाच मिनिटांत, पाठीवर आला. जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ चिवट निघाला. तेथे विजय गुणांवर मिळवावा लागला. लंडनमध्ये जी भाषा परकी होती तिच्यात आता हा मनुष्य भांडूही शकत होता.

यापुढे उभे राहिले ते दोन प्रतिस्पर्धी खरोखर पहिल्या प्रतीचे होते. जपानचा शोहाची इशिई हा मूळचा ज्युडोचा खेळाडू. महायुद्धातील पराभवानंतर अमेरिकन अंमलात जपानमधील ज्युडोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. पराभूत आणि उद्ध्वस्त देशातून आलेला हा तरुण. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला सुवर्णपदक मिळाले ते एकच, आणि ते त्याने मिळविले. दुसरा सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव. सोव्हिएत संघ ऑलिंपिकमध्ये उतरला तो त्याच वर्षी प्रथम, आणि आपल्या मल्लांमागे त्याने सारे राज्ययंत्र उभे केले होते: शिक्षक, वैद्य, अधिकारी. खाशाबांच्या मागे कोण होते? इशिईबरोबरची लढत दीर्घ आणि दमछाक करणारी झाली, आणि तीत ते हरले. त्यानंतर लगेच त्यांस मामेदबेकोवपुढे उभे केले गेले. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम पुढे करून पंचांशी बोलेल असा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकल्या अंगाने ते लढले, आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या पदरी पडले. स्वतंत्र भारताच्या कोणाही एकट्या खेळाडूचे ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

त्या दिवशी तो अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता काय, यावर आजवर पुष्कळ बोलणे झाले आहे. मला तो वाद निष्फळ वाटतो. इशिई हा त्या वर्षी जगातील सर्वांत चांगला बँटमवेट मल्ल होता, हे मान्य केल्याने खाशाबांचे काही उणे होत नाही. मात्र एक मनुष्य गादीवर आणि त्याच्या बाजूने बोलणारा एकही नाही, हे चित्र मनातून जात नाही.

कऱ्हाडास मात्र बोलणारे आणि गर्जणारे पुष्कळ होते. स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची ती वाट. त्या दिवशी सात तास लागले. ढोल, लेझीम, फटाके, आणि गाडीत उभा असलेला तो लहान चणीचा पैलवान. वर्गणी दिलेल्या प्रत्येक घराला आपापला वाटा परत मिळाल्यासारखे वाटले असणार.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सांगण्यात सुख नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकला दुखापतीमुळे जाता आले नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे इमाने इतबारे नोकरी केली. बढती आली ती सेवेच्या अगदी अखेरीस. निवृत्तिवेतनासाठी हेलपाटे पडले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार देण्याची बुद्धी शासनास २००१ साली, म्हणजे मृत्यूनंतर सतरा वर्षांनी झाली. याच काळात कुस्तीचे वैभव आटले होते असेही नाही. १९५९ साली श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, १९६० साली गणपत आंदळकर झाले, १९६४ साली मारुती माने झाले. खासबागेत माणूस मावेना. हे तिन्ही थोर मल्ल होते, आणि त्यांच्यावर लोकांनी केलेले प्रेम अस्थानी नव्हते. परंतु त्या प्रेमाची नजर जुनीच होती: दंड, छाती, मांडी. जगाच्या पंक्तीत जो एकटा बसून आला तो साडेपाच फुटी गृहस्थ पोलिसाच्या गणवेशात त्याच गर्दीतून जात असे. त्याच्यानंतर एकट्याने ऑलिंपिक पदक आणण्यास भारतीयास १९९६ साल उजाडले, आणि तेही टेनिसमध्ये, लिअँडर पेस यांच्या हातून. कुस्तीस तर २००८ पर्यंत, सुशील कुमार यांची वाट पाहत बसावे लागले. मग लोकांना खाशाबा आठवले.

हेलसिंकीहून परतल्यावर त्यांनी प्रथम कोणते काम केले ते सांगावयाचे राहिले. मिरवणुकीचा गुलाल धुतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरविले आणि त्यात ते स्वतः उतरले. येथे वजनाचा काटा नव्हता, गट नव्हते, पंचांची पेन्सिल नव्हती. हलगी वाजली, आणि ऑलिंपिक पदक मिळविलेला हा पैलवान पुनः लाल मातीत, आपल्याहून भारी गड्यांसमोर, कपाळाला माती लावून उभा राहिला. कुस्त्या जिंकून आणि मैदान भरवून जी रक्कम हाती आली, तिच्यातून त्यांनी प्राचार्य खर्डेकरांचे सात हजार रुपये परत केले.